पोर्ट ऑगस्टाचा फाटा

ॲडलेड सोडून उत्तरेला निघालं की साधारण ३०० किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा लागतं. स्पेन्सरच्या आखातातून जमिनीत शिरत आलेला समुद्र इथे संपतो, आणि मग डार्विनपर्यंत पुन्हा दिसत नाही. या गावातून वाटा फुटतात. एक पश्चिमेला, नलरबॉरच्या माळावरून पर्थकडे जाते. दुसरी वायव्येला जाते. हा स्टुअर्ट हायवे, कूबर पीडी आणि ॲलिस स्प्रिंग्जवरून थेट डार्विनपर्यंत. तिसरी बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. ती पूर्वेकडच्या डोंगरात शिरते, क्वॉर्न, हॉकर, लिंडहर्स्ट ही गावं मागे टाकत मारीला पोचते, आणि मारीच्या पुढे सगळा कच्चा रस्ता.

मेलबर्न, सिडनी, ॲडलेडमधल्या मराठी घरांत शाळेच्या जुलैच्या सुट्टीत उलुरूला गाडीनं जायचा बेत हमखास निघतो, विशेषतः पुण्या-मुंबईहून आईवडील आलेले असले की. त्या बैठकीतला पहिला प्रश्न असतो, किती तास लागतील? मुंबईहून गोव्याला जाताना हा प्रश्न रास्त आहे. वाटेत गाडी बंद पडली तर कुणीतरी थांबतं, पुढच्या नाक्यावरचं गॅरेज दाखवतं, तोवर चहाही मिळतो. मध्य ऑस्ट्रेलियात मात्र तासांचा हिशेब दुसऱ्या क्रमांकावर येतो. आधी विचारायचं ते असं: या अमुक ठिकाणी आपली गाडी थांबली, तर पुढचा माणूस कधी येईल?

एकटं दक्षिण ऑस्ट्रेलिया हे राज्य ९,८४,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं आहे. लोकसंख्या २० लाखांच्या आत, आणि त्यातले बहुतेक ॲडलेडमध्ये. उरलेला विस्तार जवळजवळ मोकळा. नकाशावर सारख्याच जाडीच्या दिसणाऱ्या दोन रेघांपैकी एकीवर दिवसा दर काही मिनिटांनी गाडी भेटते आणि दुसरीवर दिवसभरात एखादी. वाट निवडायची म्हणजे या दोन रेघांतला फरक ओळखायचा. तो ओळखायला या वाटा मुळात कशा पडल्या, ते पाहावं लागतं.

जुन्या वाटा पाण्यानं आखल्या. ऑस्ट्रेलियाच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे. पूर्वेकडच्या डोंगररांगांच्या उतारावर मुरलेलं पावसाचं पाणी वालुकाश्माच्या थरांतून लाखो वर्षं पश्चिमेकडे सरकत राहतं. वरच्या अभेद्य थरांमुळे ते दाबाखाली असतं. बेसिनच्या नैर्ऋत्य काठाशी हे थर पातळ होतात, त्यांना भेगा पडतात, आणि पाणी आपल्याआप वर येतं. त्यातले क्षार तोंडाशी साठत जाऊन झऱ्याभोवती उंचवटा तयार होतो. असे झरे मारीच्या आसपासपासून उडनाडाटाच्या पलीकडे डलहौसीपर्यंत एका कमानीत पसरलेले आहेत. भोवताली दगडगोट्यांचा माळ, वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा इंच पाऊस, आणि मधोमध बारमाही पाणी.

अराबाना लोक ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. कुठल्या झऱ्याचं पाणी गोड, कुठलं मचूळ, एका मुक्कामापासून दुसरा किती चालीवर, हे ज्ञान त्यांच्या कथांत आणि विधींत जपलेलं होतं. पलीकडचे डियारी लोक फ्लिंडर्सच्या डोंगरातल्या लाल गेरूसाठी शेकडो किलोमीटर चालत येत. ज्या वाटांना आज शोधक प्रवाशांची नावं आहेत, त्यांतल्या कितीतरी या चालण्यानं आधीच मळलेल्या होत्या. जॉन मॅक्डुअल स्टुअर्टनं १८५०च्या दशकाअखेर हे झरे धरून उत्तरेला सरकायला सुरुवात केली आणि २४ जुलै १८६२ रोजी तो उत्तर किनाऱ्यावर पोचला. मागे फिरायला पाणी कुठे आहे हे कळल्याशिवाय तो पुढे जात नसे. कितीदा तरी तो अर्ध्या वाटेवरून परतला, पण त्याच्या मोहिमांत एकही सोबती दगावला नाही. त्याच सुमारास मोठा लवाजमा घेऊन मेलबर्नहून निघालेले बर्क आणि विल्स कूपर क्रीकच्या काठी मरण पावले.

बर्क-विल्सच्या त्या मोहिमेसाठी २४ उंट कराचीहून जहाजानं आणले होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेलेली ही पहिली मोठी उंटांची तुकडी मुंबई सरकारच्या हद्दीतल्या बंदरातून निघाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तानातून आलेल्या उंटवाल्यांनी या भागाची मालवाहतूक अक्षरशः पाठीवर पेलली. लोकर, पीठ, तारांचे खांब, रेल्वेचं सामान, सगळं त्यांच्या तांड्यांतून गेलं. मारीत त्यांची वस्ती होती, मशीद होती, खजुराची झाडं होती. बलुचिस्तानात जन्मलेले आणि हिंदुस्थानी फौजेत नोकरी केलेले बेजा दरवेश पुढे मारीत स्थायिक झाले, आणि १९३९ साली भूगर्भशास्त्रज्ञ सेसिल मॅडिगन यांनी सिम्पसन वाळवंट ओलांडलं तेव्हा उंटांची जबाबदारी बेजांचा मुलगा जॅक यानं सांभाळली. ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांचा इतिहास सांगताना या माणसांना तळटीपेत ढकललं जातं. ते मला पटत नाही, कारण त्यांच्याशिवाय त्या वाटा मालवाहतुकीच्या झाल्याच नसत्या.

स्टुअर्टच्या वाटेवरून १८७२ साली ॲडलेड-डार्विन तार पुरी झाली. लंडनहून सुटलेला संदेश मुंबई-मद्रासवरून, समुद्रतळाच्या केबलमधून डार्विनला येई आणि तिथून या झऱ्यांच्या ओळीनं दक्षिणेला उतरे. मधल्या तारघरांना माणसं लागत आणि माणसांना पाणी, म्हणून स्ट्रँगवेज स्प्रिंग्ज आणि पीकची तारघरं झऱ्यांशेजारीच बांधली. मागोमाग रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला तर माणसाहून जास्त पाणी हवं! पोर्ट ऑगस्टाहून निघालेला लोहमार्ग १८९१ साली उडनाडाटाला आणि १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्जला पोचला. आजचा उडनाडाटा ट्रॅक म्हणजे मारी ते स्टुअर्ट हायवेवरचं मार्ला असा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. तो या तारेच्या आणि रुळांच्या सोबतीनं जातो.

मग डिझेलची इंजिनं आली आणि पाण्याची गरज संपली. उरली ती पाण्याची भीती. हा सगळा प्रदेश काटी थांडा-लेक आयर या खोलगट तळाकडे उतरतो, त्या तळाचा सर्वांत खालचा भाग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे. एरवी कोरड्या असलेल्या नद्या पाऊस झाला की मैलभर पसरतात. जुना लोहमार्ग कितीदा वाहून गेला आणि गाड्या अडकून पडल्या याची गणती नाही. शेवटी १९८० साली रेल्वेनं झऱ्यांची ओळ सोडली आणि बरीच पश्चिमेला, उंच व कोरड्या जमिनीवर नवा मार्ग टाकला. स्टुअर्ट हायवेचीही दक्षिणेकडची आखणी बदलत गेली आणि १९८७ साली तो पोर्ट ऑगस्टा ते डार्विन पूर्ण डांबरी झाला. आज फाट्यावर उभं राहिल्यावर समोर असलेल्या दोन वाटांमधला खरा भेद हा आहे. उजवीकडची पाणी शोधत गेलेली, डावीकडची पाणी टाळत गेलेली.

डावीकडच्या वाटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तोच तिचा गुण आहे. पोर्ट ऑगस्टा ते ॲलिस स्प्रिंग्ज सव्वाबाराशे किलोमीटर. साधी कार चालते. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियात वेगमर्यादा ताशी ११०, उत्तरेच्या टेरिटरीत मोकळ्या पट्ट्यांवर १३०. ग्लेनडँबो सोडलं की कूबर पीडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पंप नाही, एवढं लक्षात ठेवून टाकी भरायची. कूबर पीडीत ओपलच्या खाणी आणि उन्हापासून बचावासाठी जमिनीखाली खोदलेली घरं आहेत, तिथे एक मुक्काम सार्थकी लागतो. उलुरूसाठी एरल्डुंडाला डावीकडे वळायचं आणि आणखी अडीचशे किलोमीटर जायचं.

धोके इथेही आहेत, पण ते वेगळ्या जातीचे. पहिला कंटाळा. सरळ रस्ता, न बदलणारं क्षितिज, आणि डोळा लागतो. दुसरा कांगारू, एमू आणि मोकळी सुटलेली गुरं. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती रस्त्यावर येतात, म्हणून अंधारात गाडी चालवायचीच नाही. भाड्यानं गाड्या देणारे बहुतेक जण करारातच तशी अट घालतात. तिसरा रोड ट्रेन. तीन-चार ट्रेलर ओढणारा हा ट्रक ५३ मीटरपर्यंत लांब असतो. त्याला मागे टाकायचं तर समोरचा रस्ता एक-दीड किलोमीटर तरी स्वच्छ मोकळा दिसला पाहिजे, आणि नसेल तर मागे राहण्यात काहीही बिघडत नाही.

डांबर आहे म्हणून पाणी येणार नाही, असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये इतका पाऊस झाला की कूबर पीडीच्या दक्षिणेला हायवे पाण्याखाली गेला, रेल्वेमार्ग वाहून गेला, आणि कूबर पीडीला अन्नधान्य लष्कराच्या विमानानं पोचवावं लागलं. कोरड्या जमिनीवरची नवी आखणीसुद्धा त्या पावसापुढे टिकली नाही.

आता उजवीकडची वाट. मारी ते विल्यम क्रीक सुमारे २०० किलोमीटर, विल्यम क्रीक ते उडनाडाटा साधारण तेवढंच, उडनाडाटा ते मार्ला पुन्हा तेवढंच. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी इंधन, जेवण, मुक्काम. जुन्या मुक्कामांचा हा हिशेब मोटारीलाही छान जुळतो, आणि आउटबॅकची पहिली कच्ची वाट म्हणून मी निःशंकपणे हिचंच नाव घेईन, याचं पहिलं कारण तेच. दुसरं कारण, या वाटेला बाहेर पडायला दार आहे. विल्यम क्रीकहून पश्चिमेला १६०-१७० किलोमीटरचा रस्ता थेट कूबर पीडीला, म्हणजे हायवेवर जातो. तो ॲना क्रीक या जगातल्या सर्वांत मोठ्या समजल्या जाणाऱ्या गुरांच्या स्टेशनातून जातो. स्टेशन म्हणजे इथली गुरांची वाडी, आणि ही एक वाडी गोव्याच्या चौपटीहून मोठी आहे. मन बदललं, टायर फुटले, पोराला ताप आला, तर अर्ध्या वाटेवरून डांबरावर येता येतं. दूरच्या मुलखातली वाट पारखताना पहिल्यांदा असे फाटे मोजावेत. किलोमीटर नंतर.

वाटेवर पाहण्यासारखं इतकं आहे की २०० किलोमीटरला सबंध दिवस पुरत नाही. मारीहून थोडं पुढे रस्ता काटी थांडाच्या दक्षिण भागाच्या कडेनं जातो. मिठाचा पांढरा तळ क्षितिजापर्यंत. क्वचितच, जसं १९७४ साली, तो तुडुंब भरतो आणि खंडभरातून पाणपक्षी येतात. तलावाचं अराबाना नाव २०१२ साली अधिकृत झालं. पुढे द बबलर आणि ब्लँश कप हे दोन झरे. बबलरच्या तळातली रेती खालून येणाऱ्या पाण्यानं एकसारखी उकळत असते, मधूनच मोठा बुडबुडा फुटतो. कॉवर्ड स्प्रिंग्जला कोमट पाण्यात बसता येतं. उडनाडाटाच्या अलीकडे नील्स नदीवर अल्जेबकिनाचा ५७८ मीटर लांबीचा लोखंडी रेल्वेपूल आहे. वर्षातले बहुतेक दिवस खाली पाण्याची एखादी डोहवजा पट्टी, आणि वर अर्ध्या किलोमीटरहून लांब पूल. तो पाहिला की या नद्या मनावर घेतात तेव्हा काय करतात याचा अंदाज येतो.

रस्त्याची जात मात्र जाणून घ्यायला हवी. तो दर दहा किलोमीटरला बदलतो. कुठे घट्ट मुरूम, कुठे धारदार गोटे, कुठे ओढ्याच्या पात्रात मऊ रेती, आणि कुठे फुफाटा. हा फुफाटा वरून सपाट दिसतो, आत चाक बुडेल एवढा खड्डा असतो. सर्वांत छळवादी म्हणजे रस्त्यावर उठलेल्या आडव्या लाटा. चाक एका उंचवट्यावरून उसळतं, पुढे आपटून थोडी माती खणतं, पुढचं चाक तेच करतं, आणि काही महिन्यांत मैलोन्‌मैल रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. त्यावरून हळू जावं तर हाडं खिळखिळी होतात, वेग वाढवला तर चाकं नुसत्या माथ्यांना टेकत जातात आणि गाडी सुखात चालल्यासारखी वाटते. पण तेव्हा जमिनीवरची पकड निम्मीही उरत नाही आणि वळणावर मागचा भाग निसटतो. या लाटांवर शॉकअब तापून गळतात, बॅटरीचे क्लँप तुटतात, टपावरचं कॅरिअर उखडतं.

टायरमधली हवा कमी करणं हा या सगळ्यावरचा स्वस्त आणि हुकमी इलाज. हवा कमी झाली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, रबर धारदार दगडावर दबून घेतं, फाटत नाही. डांबरावर ३५-४० पौंड हवा असेल तर कच्च्या रस्त्यावर ती पाव भागानं उतरवायची, आणि वेगही उतरवायचा, नाहीतर टायर तापून फुटतो. रेतीत १६-१८ पौंडांपर्यंत जावं लागतं. त्यासाठी हवेचा मीटर आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर गाडीत हवेतच, स्टेपनी शक्यतो दोन. वाळूत गाडी रुतली की लोक टोचन शोधू लागतात. आधी हवा सोडून बघावी, पुष्कळदा गाडी आपली आपण बाहेर येते.

आणि पाऊस. या मातीत चिकण भरपूर आहे. थोड्याशा पावसानं वरचा थर साबणी होतो, चाकाला चिकटून मडगार्डमध्ये भरतो, आणि गाडी हलेनाशी होते. म्हणून पावसानंतर सरकार रस्ते बंद करतं. मारीला आणि इतर टोकांना मोठे फलक आहेत, त्यांवर रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यापुढे उघडा की बंद ते लिहिलेलं असतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो. ओल्या रस्त्यावरून एक गाडी गेली की खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगडासारख्या होतात, आणि रस्ता दुरुस्त करणारं ग्रेडर पुन्हा येईपर्यंत महिनोन्‌महिने तिथल्या माणसांना, गुरांच्या ट्रकांना, रुग्णाला त्याच चाकोऱ्यांतून जावं लागतं. हे कळल्यावर बंदचा फलक पाहुण्याला जाचक वाटू नये. अशा वेळी मारीच्या हॉटेलात एक-दोन दिवस थांबायचं, नाहीतर गुमान माघारी फिरून हायवे धरायचा. स्टुअर्टही परत फिरत असे.

ऋतूची निवड वाटेच्या निवडीइतकीच महत्त्वाची. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. दिवस उबदार, रात्री कधी शून्याखाली. डिसेंबर-जानेवारीत कच्च्या वाटेवर जाऊच नये. उडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तो आजही ऑस्ट्रेलियाचा उच्चांक आहे, पुढे एका गावानं बरोबरी केली इतकंच. डिसेंबर १९६३ मध्ये मारीहून बर्ड्सव्हिल ट्रॅकनं निघालेलं पाच जणांचं एक कुटुंब वाट चुकलं, पेट्रोल संपलं, गाडी सोडून पाण्याच्या शोधात गेलं आणि पाचही जण दगावले. डिसेंबर १९९८ मध्ये काटी थांडाच्या काठी हॅलिगन बेजवळ एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी रेतीत रुतली. त्यांतली तरुणी विल्यम क्रीकच्या दिशेनं चालत निघाली आणि वाटेतच गेली. गाडीपाशी असलेला तिचा सोबती वाचला. गाडी सोडू नये, हा इथला पहिला नियम अशा मरणांतून आलेला आहे. विमानातून माणूस दिसत नाही, गाडी दिसते. गाडीला सावली असते, पाणी तिथेच असतं. माणशी रोज किमान पाच लिटर, उन्हाळी दिवसांत दहा, आणि वर काही दिवसांचा साठा, एवढं पाणी एकाच मोठ्या टाकीत न ठेवता वेगवेगळ्या कॅनमध्ये भरावं, म्हणजे एक फुटला तरी सगळं जात नाही.

मारीहूनच निघणारा बर्ड्सव्हिल ट्रॅक ५१७ किलोमीटरचा, मध्ये इंधनाची जागा एकच, मंगरॅनी. तो उलुरूकडे जातच नाही, क्वीन्सलँडकडे जातो, त्यामुळे आपल्या बेतात बसत नाही. सिम्पसन वाळवंटाबद्दल मात्र एक शब्द हवा, कारण नकाशावर उडनाडाटा आणि बर्ड्सव्हिल यांच्यामधली ती आडवी रेघ तरुणांना फार खुणावते. तिथे रस्ता असा नाहीच. वायव्य-आग्नेय पसरलेल्या, एकमेकींना समांतर हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्या एकामागून एक चढायच्या. टेकड्यांची पूर्वेकडची बाजू जास्त उभी असते, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला जाणं सोपं. वाळवंटाच्या पश्चिमेकडचं माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पंप नाही, आणि डांबरावर १०० किलोमीटरला बारा लिटर पिणारी गाडी वाळूत वीस-पंचवीस लिटर पिते. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून उंच काठीला झेंडा लावणं सक्तीचं आहे, उद्यानाचा परवाना लागतो, आणि १ डिसेंबर ते १५ मार्च हा भाग बंदच असतो. पहिल्या खेपेला, एकट्या गाडीनं, घरच्यांना घेऊन ही वाट कुणी धरू नये, असं मला मनापासून वाटतं.

पर्थच्या मराठी मंडळींचं गणित वेगळं. त्यांनी पोर्ट ऑगस्टाला वळसा घालून यायचं तर फार लांब पडतं, म्हणून लॅव्हर्टनहून सरळ उलुरूजवळच्या युलाराला जाणारा ११०० किलोमीटरचा ग्रेट सेंट्रल रोड त्यांना जवळचा. वाटेत जुकायर्ला, वॉर्बर्टन, वाराकुर्ना इथे इंधन मिळतं, टप्पे अडीचशे-तीनशे किलोमीटरचे. ही जमीन न्गान्याजारा आणि अनंगू लोकांची आहे. त्यांच्या जमिनीवरून जायला परवाना लागतो, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या भागाचा वेगळा आणि नॉर्दर्न टेरिटरीचा वेगळा. तो मोफत असतो, पण मागावा लागतो. वस्त्यांमध्ये दारू नेता येत नाही. पंपावर साधं पेट्रोल नसतं, हुंगण्याचं व्यसन मोडण्यासाठी आणलेलं खास पेट्रोल असतं, इंजिनाला ते चालतं. परवाना म्हणजे नुसता कागद, असं समजू नये. ज्यांच्या घरातून आपण जातो आहोत त्यांना सांगून जाणं आहे ते. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सर्वेक्षक लेन बीडेलनं १९५०-६०च्या दशकांत क्षेपणास्त्र-चाचण्यांसाठी पाडलेल्या वाटा आहेत. गनबॅरल हायवे, पत्नीच्या नावाचा ॲन बीडेल हायवे, मुलीच्या नावाचा कॉनी स्यू हायवे. नावात हायवे आहे म्हणून फसू नये, या झुडपांतून गेलेल्या एकेरी चाकोऱ्या आहेत, आणि ॲन बीडेलवर एमू फील्ड हे १९५३च्या ब्रिटिश अणुचाचण्यांचं ठिकाण लागतं.

नकाशावर पंपाचं चिन्ह आहे म्हणून पंप असेलच असं नाही. ॲलिस स्प्रिंग्ज-हॉल्स क्रीक या टनामी रस्त्यावरचं रॅबिट फ्लॅट रोडहाऊस २०१०च्या अखेरीस कायमचं बंद झालं, तरी पुढे कितीतरी वर्षं जुने नकाशे ते दाखवत होते. निघण्यापूर्वी प्रत्येक रोडहाऊसला फोन करावा. उघडं आहे का, डिझेल आहे का, रस्ता कसा आहे, हे तिथला माणूस नेमकं सांगतो. मोबाइलची रेंज गावाबाहेर पडली की संपते, म्हणून उपग्रहाशी बोलणारं काहीतरी जवळ हवं. फोन असो किंवा संकटाचा इशारा पाठवणारा खिशातला बीकन. गाडीतल्या यूएचएफ रेडिओवर चॅनल ४० लावून ठेवला की रोड ट्रेनचे चालक ऐकू येतात. आजारी माणसासाठी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान येतं. ही सेवा १९२८ साली क्लॉन्करीहून सुरू झाली आणि आजही स्टुअर्ट हायवेचे काही सरळ पट्टे तिच्या विमानांना उतरण्यासाठी आखून ठेवलेले आहेत.

भाड्याच्या गाडीचा करार निघण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. साध्या कारला कच्च्या रस्त्यावर विमा लागू नसतो, आणि फोर-व्हील ड्राइव्ह घेतली तरी काही वाटा नावानिशी वगळलेल्या असतात. तिथून टोचन करून आणण्याचा खर्च गाडीच्या भाड्याच्या कितीतरी पट होतो. करारात उडनाडाटा ट्रॅक बसत नसेल तर विषय तिथेच संपला, हायवेनं जावं.

बसत असेल, आणि जून-जुलै असेल, तर ॲडलेडच्या कुटुंबानं जाताना मारीवरून उडनाडाटा ट्रॅक धरावा आणि येताना स्टुअर्ट हायवे. उलट करू नये. जाताना गाडी नुकतीच तपासलेली असते, टायर नवे असतात, माणसं ताजी असतात, आणि गाठीला जादा दिवस असतात. मारीला फलकावर बंद दिसलं तर एक दिवस वाट पाहता येते, विल्यम क्रीकला आभाळ भरून आलं तर कूबर पीडीचा फाटा आहे. परतताना मात्र सोमवारची कचेरी असते, मुलांची शाळा असते, आईवडिलांचं मुंबईचं विमान असतं. घड्याळ पाहत कच्च्या रस्त्यावर चालवणारा माणूस पावसाळी आभाळाकडे काणाडोळा करतो, टायरमधली हवा उतरवायला थांबत नाही, तिन्हीसांज झाली तरी आणखी पन्नास किलोमीटर रेटतो. परतीची तारीख ठरलेली असेल तर ती डांबरावर ठेवावी. बेतात दोन दिवस मोकळे सोडावेत आणि त्या दोन दिवसांचं बुकिंग कुठेच करू नये. मार्लाला ट्रॅक संपून हायवे लागतो, तिथे पंपाशेजारी उभं राहून टायर पुन्हा फुगवावेत, चाकांचे नट आवळावेत, खाली वाकून शॉकअब गळत नाहीत ना ते पाहावं, आणि घरी ज्यांना वेळापत्रक दिलंय त्यांना पोचल्याचा फोन करावा.